त्याला जरा बरं नाहीये

पाहुणे निघून गेल्यावर अर्धवट आवरलेल्या घरात माझा नऊ वर्षांचा मुलगा मला औषधांच्या कपाटाशी बसलेला दिसला. पाठ भिंतीला टेकलेली, गुडघे पोटाशी घेतलेले आणि डाव्या काखेत थर्मामीटर. "काय होतंय रे?" असे मी विचारले, पण त्याने उत्तर दिले नाही, कारण थर्मामीटर वाजेपर्यंत कोणी बोलायचे नाही हा त्याचा जुना नियम आहे. तो बारीकसा 'पीप' आवाज त्याला अतिशय आवडतो आणि तो नीट ऐकू यावा म्हणून तो पंखासुद्धा बंद करायला लावतो. आवाज झाला, त्याने आकडा वाचला, "अठ्ठ्याण्णव पॉइंट दोन", आणि मग माझ्या खांद्यापलीकडे कुठेतरी पाहत म्हणाला, "ताप नाही. मला बरं आहे."

दिवसभरात मी निदान आठ जणांना सांगितले होते की त्याला जरा बरे नाही.

हे वाक्य मी गेली कित्येक वर्षे वापरत आले आहे, इतकी की ते आता माझ्या तोंडून आपोआप निघते. सणाच्या दिवशी दार उघडले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "छोटे साहेब कुठे आहेत?" माझ्या मुलाला ऑटिझम आहे, त्यामुळे या प्रश्नाचे खरे उत्तर द्यायचे तर पाच मिनिटे लागतात, आणि दारात त्या माणसाच्या मागे आणखी दोघे उभे असतात. आजारपण मात्र सर्वांना लगेच कळते. आजारी मुलाला कोणी हाताला धरून बाहेर आणत नाही आणि त्याच्या आईवडिलांपुढे कोणी 'वळण' हा शब्द काढत नाही. तेव्हा मी सोपे वाक्य उचलते. मुलगा आतल्या खोलीतून ते ऐकत असेल आणि ऐकून शहानिशा करून पाहील, हे माझ्या कधी मनातही आले नव्हते. खरे तर यायला हवे होते. "एक मिनिट थांब" म्हटले की साठपर्यंत मोजणारे हे मूल आहे. शब्द जसा दिला तसाच तो घेतो.

त्या दिवशी वेगळे असे काही घडले नव्हते, असे मी आधी लिहिणार होते. मग आठवून पाहिले, तर रोजच्यासारखे काहीच नव्हते. जास्त माणसे बसावीत म्हणून आदल्या रात्री आम्ही सोफा खिडकीखाली सरकवला होता. पडदे बदलले होते. खिडक्यांवर दिव्यांच्या माळा होत्या आणि त्यांचे बटण पळत्या, लुकलुकत्या प्रकारावर होते. स्वयंपाकघरात सकाळपासून पाच-सहा वास एकमेकांवर चढले होते. जेवणाची वेळ दीड तासाने पुढे गेली होती. दारावरची घंटी वाजत होती आणि प्रत्येक घंटीबरोबर नवा चेहरा, नवे अत्तर आणि नवी अपेक्षा घरात शिरत होती. सोफ्याच्या ज्या उजव्या कोपऱ्यात तो शाळेतून आल्यावर रोज बसतो, त्या कोपऱ्यात एक अनोळखी गृहस्थ फोनवर मोठ्याने बोलत होते. दुपारी चारच्या सुमारास कोणीतरी मागून येऊन त्याला प्रेमाने उचलले. तो किंचाळला, टेबलाखाली शिरला, टेबलावरचा काचेचा पेला खाली पडून फुटला. फुटलेल्या काचेनंतरची ती शांतता आणि त्या शांततेत माझ्याकडे वळलेले दहा-बारा चेहरे मला अजून आठवतात. "सकाळपासून जरा बरं नाहीये त्याला," मी म्हणाले, आणि काचा गोळा करू लागले.

हट्ट करणारे मूल मधूनच डोळ्याच्या कोपऱ्यातून आपल्याकडे पाहून घेते, आपण पाहतो आहोत की नाही याचा अंदाज घेते. माझ्या मोठ्या मुलीचे हट्ट असेच होते आणि म्हणून ते सोसवतही होते. टेबलाखाली कान दाबून बसलेल्या मुलाने कोणाकडेही पाहिले नाही. त्याच्या दृष्टीने तिथे कोणी उरलेलेच नव्हते. ज्याला मेल्टडाउन, म्हणजे सगळे असह्य होऊन ताबा सुटणे, म्हणतात ते असे असते, आणि त्या क्षणी समजूत घालणे म्हणजे भरून वाहणाऱ्या भांड्यात आणखी पाणी ओतणे होय. दिवे कमी करावेत, माणसे कमी करावीत, शब्द तर सर्वांत आधी कमी करावेत आणि जवळ, पण अंगाला अंग न लावता, बसून राहावे. हे मला ठाऊक आहे. तरीही त्या दिवशी मी आधी काचा वेचल्या, कारण लोक पाहत होते.

'स्वमग्न' हा आपला शब्द मला पहिल्यापासून खटकतो. मूळ 'ऑटिझम' या संज्ञेतही 'स्व' आहेच, त्यामुळे भाषांतर करणाऱ्याला दोष देता येत नाही. पण त्या शब्दाने डोळ्यापुढे चित्र उभे राहते ते दार लावून आत रमलेल्या माणसाचे. माझ्या मुलाला दार लावताच येत नाही, ही त्याची अडचण आहे. आपल्याला ट्यूबलाइटची घरघर पाच मिनिटांनी ऐकू येईनाशी होते, त्याला ती तासाभरानंतरही तितकीच ऐकू येते. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली अशा अकरा मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली, तेव्हाच मोठ्या आवाजांनी आणि हलत्या वस्तूंनी ही मुले घाबरतात हे नोंदवून ठेवले होते. त्या यादीत झोका आहे, लिफ्ट आहे, व्हॅक्यूम क्लीनर आहे, वाहते पाणी आहे, अगदी वारासुद्धा आहे. गोष्टी नेहमी होत्या तशाच राहाव्यात या त्यांच्या आग्रहाबद्दलही त्यांनी लिहिले. इतके सगळे आरंभीच लिहिलेले असताना संवेदनांची तीव्रता निदानाच्या निकषांत स्वतंत्र मुद्दा म्हणून यायला अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या पुस्तिकेची पाचवी आवृत्ती, म्हणजे २०१३ साल उजाडावे लागले. मधल्या सत्तर वर्षांत किती मुलांना वळण नसल्याबद्दल मार बसला असेल, याचा विचार मी फार वेळ करत नाही.

कॅनर यांच्या त्याच लेखात एक निरीक्षण आहे, जे वाचल्यावर मी उठून घरात दोन फेऱ्या मारल्या होत्या. मुलाला भीती आवाजाची नसते, असे त्यांनी म्हटले आहे. आवाज बाहेरून, न विचारता घुसतो, त्याचा त्रास असतो. ज्या आवाजाला ते मूल घाबरते तितकाच मोठा आवाज ते स्वतः आनंदाने करू शकते. आमच्या घरात हे कोडे वर्षानुवर्षे पडून होते. हाच मुलगा पातेल्याचे झाकण फरशीवर गरगरा फिरवून ते शांत होईपर्यंत त्याचा तो वाढत जाणारा खणखणाट कान लावून ऐकतो, आणि हाच मुलगा शेजारच्या घरात फुगा फुटला तरी थरथरतो. "स्वतः केलेला गोंगाट बरा चालतो," असे नातेवाईक म्हणत आणि मलाही आतून ते पटत असे. झाकण कधी थांबणार हे त्याला ठाऊक असते. फुगा कधी फुटणार हे कोणालाच ठाऊक नसते. सण तर अशा फुग्यांचाच बनलेला असतो. अवचित येणे, अवचित देणे, डोळे मिटायला लावून काहीतरी दाखवणे, या सगळ्यालाच आपण मौज म्हणतो.

कपड्यांचेही तसेच. पशूंच्या वर्तनाच्या अभ्यासक आणि स्वतः ऑटिझम असलेल्या टेंपल ग्रँडिन यांनी स्वतःच्या बालपणाविषयी लिहिताना सांगितले आहे की वाढदिवसाच्या मेजवानीत सगळ्या पिपाण्या एकदम वाजू लागल्या की त्यांना तो छळ वाटे, आणि ठेवणीतले खरखरीत कपडे घालून बसायची वेळ आली की त्या वाईट वागत. आईवडिलांना मात्र कारण कळत नसे. नवीन अंतर्वस्त्रांना सरावायला मोठेपणीही त्यांना तीन-चार दिवस लागत. हे वाचल्यापासून आमच्या घरात सणाचा नवा शर्ट महिनाभर आधी येतो, पाच-सहा वेळा धुतला जातो आणि मानेजवळचे लेबल उसवले जाते. कात्रीने कापून चालत नाही, कारण कापलेल्या लेबलाची जी बारीक कड शिवणीत राहते ती अखंड लेबलापेक्षा जास्त टोचते. ब्लेडच्या टोकाने एकेक टाका उचलावा लागतो, शर्टाची शिवण उसवू न देता. मग ती जागा मी माझ्याच गालावरून फिरवून पाहते, कारण बोटांना न कळणारे गालाला कळते. या कामाला वीस मिनिटे लागतात, आणि सणाच्या तयारीतले हे एकच काम असे आहे जे मी गप्प बसून, घाई न करता करते.

माझ्या स्वतःच्या लहानपणी सणाचा सर्वांत आवडता भाग रात्री येत असे. मोठी माणसे बोलत बसलेली असत, आम्ही मुले त्यांच्या घोळक्यातच कुठेतरी पेंगत असू, आणि अर्धवट झोपेत ऐकू येणारा तो हसण्याबोलण्याचा, भांड्यांचा, दारे लागण्याउघडण्याचा मिसळलेला आवाज पांघरुणासारखा अंगावर यायचा. आपल्याला झोप लागली तरी घर जागे आहे, याच्याइतके सुरक्षित मला नंतर कधी वाटलेले नाही. मला मुले झाल्यावर ती रात्र त्यांना द्यायची होती. मुलीला ती देता आली. मुलासाठी तोच आवाज पांघरूण होऊ शकत नाही, हे मी डोक्याने केव्हाच मान्य केले आहे. पण सणाच्या रात्री बंद खोलीत त्याच्याजवळ बसलेली असताना बाहेरून हसण्याची लाट आली की अजूनही मला, कबूल करते, बाहेर जावेसे वाटते. त्या वाटण्याची मला लाजही वाटते आणि रागही येतो, आणि दोन्ही एकाच वेळी.

मुलीची तक्रार निराळी. ती चौदा वर्षांची आहे आणि तिला गर्दी, नाच, संगीत सगळे हवे असते. "आपल्या घरी सण हळू आवाजात असतो," असे ती एकदा मैत्रिणीला फोनवर सांगत होती. मी पलीकडे उभी होते. तिचे म्हणणे चूक नव्हते. शांत सणाची भलामण करणारे बहुतेक लोक घरातल्या या दुसऱ्या मुलाला विसरतात. आम्ही आता सणाचे दोन भाग केले आहेत, सकाळ घरी आणि संध्याकाळी आमच्यापैकी एकजण तिला घेऊन जिथे खरा कल्ला असेल तिथे जातो. सगळ्यांनी सगळा वेळ एकत्र असले पाहिजे हा आग्रह सोडला, तेव्हा घरातली निम्मी भांडणे मिटली.

थर्मामीटरच्या त्या प्रसंगानंतर पुढच्या सणाआधी आम्ही एक वही केली. कॅरल ग्रे या शिक्षिकेने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला 'सोशल स्टोरी' नावाची पद्धत मांडली, तिच्यावरूनच. काय होणार आहे हे मुलाला छोट्या, खऱ्या वाक्यांत आणि चित्रांत आधी सांगायचे. या पद्धतीतली मला पटलेली गोष्ट अशी की त्यात आज्ञेपेक्षा वर्णन जास्त असावे लागते. मी पहिला मजकूर लिहिला तेव्हा माझ्या दहा वाक्यांतली सात 'तू असे करायचे' अशी निघाली. पाहुण्यांना हसून भेटायचे. ओरडायचे नाही. मुलीने तो कागद वाचला आणि म्हणाली, "आई, ही गोष्ट नाहीये, ही शिक्षा आहे." मग तिनेच फोटो काढले, आधी सोफा इथे आहे, मग सोफा तिथे असेल, आणि सणानंतर सोफा परत इथे येईल. हा तिसरा फोटो माझ्या डोक्यात आलाच नसता. मुलगा पुढचे दोन आठवडे तेच पान उघडत होता.

वहीत एक चूक राहिली. 'काका पाच वाजता येतील' असे मी लिहिले होते. काका पाच चाळीसला आले. त्या चाळीस मिनिटांत वही फाटली, आणि आमची सगळी तयारी त्या एका वाक्याने वाया घालवली. मी चिडले होते काकांवर, पण वेळेचे वचन त्यांनी दिलेच नव्हते, ते मी दिले होते. आता आम्ही घड्याळ लिहीत नाही, क्रम लिहितो. आधी काकांचा फोन येईल, मग काका येतील. फोन आल्याशिवाय घंटी वाजणार नाही. उशीर झाला तरी क्रम खोटा पडत नाही. काकांना हे सांगितले तेव्हा ते आधी हसले, पण तेव्हापासून खाली पोहोचल्यावर ते न चुकता फोन करतात.

बाकीच्या गोष्टी किरकोळ आहेत. माळांचे बटण स्थिर प्रकाशावर असते. त्याला रोजचेच जेवण रोजच्या वेळी, रोजच्याच ताटलीत मिळते, मग बाहेर पंगत केव्हाही बसो. कान झाकणारे साधे इअर डिफेंडर दारामागच्या खिळ्याला टांगलेले असतात. त्याआधी महागडे नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घेऊन पाहिले होते, पण ते पंख्यासारखी एकसुरी घरघर चांगली गिळतात आणि अवचित किंकाळी किंवा टाळ्या मात्र बऱ्याच आत सोडतात, आणि आमची लढाई नेमकी अवचित आवाजांशी आहे. भेटवस्तूंचा कागद काढायला तो तयार नसायचा, म्हणून मुलीने पारदर्शक कागद सुचवला. आत काय आहे ते दिसते, तरी उलगडण्याचा चुरचुर आवाज त्याचा त्यालाच करता येतो. फक्त देणाऱ्याला त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद लगेच पाहायला मिळत नाही. तो दोन दिवसांनी दिसतो, आणि तेव्हा देणारा तिथे नसतो.

आतली खोली सणाच्या दिवशी कोणाच्या बॅगा, ओढण्या आणि झोपलेली बाळे ठेवण्यासाठी वापरायची नाही, हे ठरवणे सर्वांत कठीण गेले. ब्रॉडवेवर २०११ साली ऑटिझम असलेल्या प्रेक्षकांसाठी पहिला खास प्रयोग झाला, तेव्हा नाटक तेच ठेवून दणदणीत आवाज आणि डोळ्यांवर येणारे दिवे तेवढे कमी केले होते, आणि बाहेर शांत बसायला जागा ठेवली होती. न्यूयॉर्कच्या एवढ्या मोठ्या नाट्यगृहात हे जमते, आणि आमच्याकडे एक खोली रिकामी ठेवायची म्हटली की "मग एवढ्या लोकांनी सामान कुठे ठेवायचं?" असा प्रश्न येतो. बालहक्कांच्या १९८९च्या करारातले ३१वे कलम विश्रांतीचा हक्क आणि सांस्कृतिक जीवनात भाग घेण्याचा हक्क एकाच दमात सांगते. ते वाचताना मला ती खोलीच आठवते. आत जाता येते म्हणून तो बाहेर येतो. दोन सणांपासून मी हे पाहते आहे.

"मग तो सण कसला?" असे एका नातेवाइकांनी विचारलेच. "एवढं जपून जपून वागायचं म्हणजे इस्पितळ झालं." मी काही बोलणार, तोच माझे लक्ष सासूबाईंकडे गेले. त्यांनी गर्दी वाढल्यावर कानातले श्रवणयंत्र काढून पदराच्या टोकात बांधले होते आणि त्या मंद हसत, काहीही न ऐकता बसल्या होत्या. हे त्या गेली कित्येक वर्षे करतात. सगळ्यांना ठाऊक आहे, सगळे त्यावर विनोद करतात, त्यांना कोणी उद्धट म्हणत नाही. यंत्र बोलणे आणि भांडी दोन्ही सारखेच मोठे करून ऐकवते, डोके भणभणते, असे त्या सांगतात. नातवाने कान झाकले की चर्चा होते, आजीने कान काढून ठेवले तर होत नाही. नंतर त्या उठून आतल्या खोलीत गेल्या आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर बसल्या. दोघेही गप्प होते, ती माझ्या दृष्टीने त्या घरातली सर्वांत चांगली मैफल होती. नातेवाइकांना मी उत्तर दिलेच नाही, हे आता लक्षात येते.

या वर्षीच्या सणाला मी ठरवले होते की ते वाक्य उच्चारायचे नाही. पहिल्या पाहुण्यांनी दारातच विचारले आणि माझी जीभ सवयीने 'त्याला जरा' पर्यंत गेलीसुद्धा. मग मी म्हणाले, "आतल्या खोलीत आहे. गर्दीचा आवाज त्याला सहन होत नाही. कमी झाला की येईल, नाहीतर नाही येणार." पाहुणे "बरं बरं" म्हणाले आणि आत गेले. पाच मिनिटे लागतील असे ज्याला मी इतकी वर्षे समजत होते, ते दारातच संपले. सगळ्यांशी इतके सरळ झाले नाही. एका बाईंनी "आमच्या ओळखीत एक औषध आहे" असे सुरू केले आणि मला मध्येच उठून स्वयंपाकघरात जावे लागले.

संध्याकाळी साताठ माणसे उरली तेव्हा तो बाहेर आला. कानांवर डिफेंडर, अंगात तो लेबल उसवलेला शर्ट. सोफ्याचा उजवा कोपरा आम्ही उशी ठेवून राखला होता, तिथे तो बसला. कोणी हाक मारली नाही, कारण काकांनी सगळ्यांना आधीच खुणेने बजावले होते. थोड्या वेळाने काकांनीच पाय लांब केले, जांभई दिली आणि म्हणाले, "दिवसभर माणसं माणसं. मलाच आता जरा बरं वाटत नाहीये बुवा."

मुलगा उठला. औषधांचे कपाट उघडल्याचा आवाज आला. परत येऊन त्याने काकांच्या हातात थर्मामीटर ठेवले, जाऊन पंख्याचे बटण बंद केले, कानांवरचे डिफेंडर काढून मांडीवर घेतले आणि ओठांवर बोट ठेवून सगळ्यांकडे पाहिले. काकांनी निमूटपणे शर्टाचे वरचे बटण सोडून थर्मामीटर काखेत धरले. कोणीतरी फोन उलटा करून ठेवला. सासूबाईंनी पदराची गाठ सोडून यंत्र पुन्हा कानात घातले. साताठ माणसे हात मांडीवर ठेवून, हालचाल न करता, तो एक आवाज होण्याची वाट पाहत बसून राहिली.

"अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा," त्याने वाचले. "काकांना बरं आहे."